मध्यभागी काहीच नाही

मित्रांनो, हल्लीची मुलं मला ओळखत नाहीत. मागे एक जण मला हीटर समजून माझी वायर कुठे आहे ते शोधत बसला होता. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या अंगातून पूर्वी खरोखरच गरम वारा येई, आणि थंडीच्या दिवसांत मागच्या बाकावरची मुलं मुद्दाम माझ्याजवळ सरकून बसत. पण ऊब देणं हे माझं काम नव्हतं. लहानसं चित्र भलं मोठं करून भिंतीवर पाडणं हे माझं काम. मी स्लाइड प्रोजेक्टर आहे. सध्या एका उंच इमारतीच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी, लोखंडी मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

माझ्या डोक्यावर खाचांचा एक गोल ट्रे आहे. त्या खाचांत फिल्मचे चौकोनी तुकडे, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले, ओळीने उभे ठेवायचे. त्यांनाच स्लाइड म्हणत. बटण दाबलं की खट् असा आवाज होई, एक स्लाइड खाली उतरे, माझ्या पोटातल्या दिव्याचा उजेड तिच्यातून आरपार जाई आणि समोरच्या पडद्यावर अख्खा डोंगर किंवा अख्खा राजवाडा उभा राही. अंगठ्याएवढ्या चित्रातून राजवाडा उभा करताना मला फार मोठेपणा वाटे. तेव्हा मी नवा होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझं भिंग हातमोजे घालून बसवलं, फुंकर मारली, पुन्हा पुसलं आणि मला पुढच्या टेबलावर सरकवलं. माझ्या मागोमाग जो तयार झाला तो माझ्यासारखाच दिसत होता. आम्ही दोघं एकाच खोक्यात बसून एका विद्यापीठात आलो. तिथल्या वास्तुरचना विभागाने दोन प्रोजेक्टर एकदम मागवले होते. भांडारातला माणूस म्हणाला की एकाने काम भागत असताना दुसरा कशाला. तेव्हा एक शिडशिडीत बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तुलना करायची तर समोर दोन गोष्टी एकाच वेळी असाव्या लागतात."

त्या बाई म्हणजे आमच्या मावशी. खरं तर त्या विभागात प्राध्यापक होत्या आणि सगळे त्यांना बाईच म्हणत. पण त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा त्यांच्याकडे राहून तिथेच शिकत होता. एकदा भर वर्गात प्रश्न विचारताना त्याच्या तोंडून "मावशी" निघून गेलं. वर्ग खो खो हसला, तो कानापर्यंत लाल झाला, आणि त्या दिवसापासून बाईंच्या माघारी त्यांचं नाव मावशी पडलं. पुढे पुढे तर शिपाईसुद्धा "मावशींचा तास" असं म्हणू लागला. बाईंना ते कळलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

मावशींचा विषय होता विद्यापीठांची आवारं. सुट्टी लागली की त्या कॅमेरा घेऊन निघत आणि कुठलं ना कुठलं विद्यापीठ पाहून येत. परत आल्या की माझ्या आणि माझ्या भावाच्या ट्रेमध्ये नव्या स्लाइड भरत. मग तास सुरू होई. पडदे ओढले जात. डाव्या बाजूला मी एक आवार दाखवी, उजव्या बाजूला माझा भाऊ दुसरं. डावीकडे सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारख्या इमारती, टोकाला घुमट, सगळं कवायतीला उभं राहिल्यासारखं. उजवीकडे टेकडीच्या उतारावर वाटेल तशी वाढलेली घरं, वाकडे जिने, कुठून आलो आणि कुठे निघालो याचा पत्ता नाही. एकदा नदीकाठचं आवार आणि तळ्याकाठचं आवार शेजारी शेजारी लावलं होतं. तेव्हा मुलं नदीच्या बाजूची आणि तळ्याच्या बाजूची अशी दोन गटांत विभागून इतकी भांडली, की शेजारच्या वर्गातले सर दार वाजवायला आले.

कुठलं सुंदर ते मावशी कधी सांगत नसत. त्या एवढंच विचारत, की समजा तुमचा तास संपला, पुढचा तास नाही, पाऊस नाही, भूक नाही. इथे असतात तर तुम्ही कुठे गेला असतात? मुलं चित्राकडे टक लावून बघत. कवायतीच्या आवारात बहुतेक जण सरळ फाटकाबाहेर जात. त्यावर मावशी म्हणत, की आवाराला एक केंद्र हवं, जिकडे पाय आपोआप वळतात असं. हे वाक्य त्या जवळजवळ प्रत्येक तासाला म्हणत. मुलांना ते पाठ झालं होतं.

इतर विभागांतली मुलंसुद्धा त्या तासाला येत. बाकं भरली की पायऱ्यांवर बसत. भिंगावर बोट लागू नये म्हणून मावशी स्वतः आम्हाला झाकून ठेवत. ते दिवस माझ्या मानाचे होते.

एक आवार मात्र आम्ही कधीच दाखवलं नाही, ते म्हणजे आमचं स्वतःचं. कुणी विचारलं तर मावशी म्हणत की घरच्या मुलाचा पेपर आपण तपासू नये. तसं पाहिलं तर आमच्या विद्यापीठात दाखवण्यासारखं फारसं नव्हतंही. इमारती पिवळ्या, पोपडे सुटलेल्या, ग्रंथालय दुरून पोस्ट ऑफिससारखं दिसे. पण चार इमारतींच्या मधोमध एक चौक होता. थोडा उताराचा, जुन्या झाडांचा, कडेने बसायला दगडी कट्टे. गवतातून एक तिरकी पायवाट गेली होती. ती कुणी आखली नव्हती, पोरांच्या पायांनीच ती पाडली होती. मावशींची खोली त्या चौकावर उघडे. मीही खिडकीशी ठेवलेला असे, म्हणून तो मला माहीत.

मित्रांनो, चांगले दिवस सांगायला थोडेच शब्द लागतात. एका सुट्टीत खोलीला रंग द्यायचा म्हणून आम्हाला हलवलं, तेव्हा माझा भाऊ जिन्यावरून पडला. त्याचं भिंग तडकलं आणि आतला दांडा वाकला. तोवर आमचा कारखाना बंद झाला होता. सुटे भाग कुठेच मिळेनात. मावशींनी दुरुस्तीची दुकानं पालथी घातली, शेवटी हात टेकले. मग त्या एकट्या माझ्यावरच शिकवू लागल्या. आधी एक आवार दाखवत, म्हणत, "हे नीट लक्षात ठेवा," मग दुसरं दाखवत. पण मुलांच्या लक्षात पहिलं राहीना. पुढे विभागात संगणक आला, पडद्याच्या वर छताला नवं यंत्र लागलं, आणि मला कपाटावर चढवलं. तिथे माझ्यावर कुणीतरी खडूंचा डबा ठेवला. मावशी निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं. विभागाने खुशीत दिलं. कपाटावरची जागा मोकळी झाली ना.

मावशींनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं माणूस म्हणजे हा भाचाच. त्याचं शिक्षण पुरं झालं, त्याने कचेरी काढली, चांगलं नाव कमावलं. दर रविवारी तो येई. चहा पिता पिता दोघं एखाद्या नव्या इमारतीवरून तासन् तास हुज्जत घालत. मी पुस्तकांच्या कपाटावर बसून ऐकत असे. त्या घरात मला खरंच करमत होतं.

एका रविवारी तो आला आणि त्याने चहाला हात लावला नाही. विद्यापीठाला सगळी कार्यालयं एका छताखाली आणायची होती, आणि त्या इमारतीचं काम त्याला मिळालं होतं. मावशींना आनंदच झाला. पाठीमागच्या पडीक जागेत बांधणार का, असं त्यांनी विचारलं. तो कपातल्या चहाकडे बघत राहिला.

"चौकात," तो म्हणाला.

मावशींना आधी वाटलं की आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. पाठीमागची जागा रस्त्यापासून आत पडते. कुलगुरूंना इमारत फाटकातून दिसायला हवी आहे. त्याने दोनदा दुसरी जागा सुचवून पाहिली होती.

"मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला देतील, मावशी. तो सगळंच सपाट करील. मी असलो तर उत्तरेकडची झाडं तरी वाचवीन."

मावशींनी त्याचा निवलेला कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "बरं झालं. भांडायचंच आहे तर घरचं माणूस बरं."

भाच्याच्या जिवात जीव आला. त्याला वाटलं की मावशी नेहमीसारख्या वाद घालतील आणि पुढच्या रविवारी सगळं ठीक होईल. मावशींनी मात्र कुलगुरूंना भेटून बांधकाम समितीपुढे बोलायला वेळ मागितला, आणि तो मिळालासुद्धा.

मग त्यांनी मला खाली काढलं. इतकी वर्षं जे आवार त्यांनी दाखवलं नव्हतं तेच आता दाखवायचं होतं. फिल्म मिळायची मारामार होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका फोटोवाल्याकडे थोडी शिल्लक निघाली. जुनी आहे, रंग कसे येतील सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मावशींचे गुडघे दुखत होते, तरी त्या रोज चौकात जाऊन बसत. धुऊन आलेल्या स्लाइड एकेक करून माझ्यातून गेल्या, तेव्हा मला कळलं की इतक्या वर्षांत मी खिडकीतून काहीच पाहिलं नव्हतं. सफाईवाली आपल्या मुलीला कट्ट्यावर बसवून तिच्याकडून धडा म्हणून घेत होती. दोघं नवराबायको डबा उघडून न बोलता जेवत होती, दोघांची तोंडं दोन दिशांना. गणिताचे एक वयस्कर सर बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी तिथे येत आणि कुणाशी न बोलता दिवे लागेपर्यंत बसत. एका चित्रात तर माणूसच नव्हता, नुसती ती तिरकी वाट आणि तिच्यावर पडलेली सावली. रंग थोडे तांबूस आले होते. मावशींना ते आवडले.

समितीची बैठक ज्या खोलीत होती तिथे एवढा गारठा होता, की माझा पंखा सुरू झाल्यावर दोघा-तिघांनी समाधानाने माझ्याकडे पाहिलं. लांबलचक टेबल, टोकाला कुलगुरू, एका बाजूला भाचा आपले नकाशे घेऊन बसलेला. मावशी उभ्या राहिल्या. आधी त्यांनी जुनी आवारं दाखवली, टेकडीवरचं, नदीकाठचं, कवायतीचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. प्रत्येक ठिकाणी इमारती कशा मागे सरकून उभ्या आहेत आणि मधे माणसांना कशी जागा सोडली आहे ते सांगितलं. मग आमचा चौक आला. मावशी हळू आवाजात एकेका माणसाची ओळख करून देत गेल्या. गणिताचे सर पडद्यावर आले तेव्हा समितीतल्या एका म्हाताऱ्या सभासदाने चष्मा काढून पुसला. मी जन्मात इतकं स्वच्छ चित्र पाडलं नव्हतं. माझा दिवा त्या दिवशी जरासुद्धा लुकलुकला नाही.

मावशी थांबल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या, मनापासूनच्या. मावशींचा चेहरा उजळला. मला वाटलं, आपण जिंकलो.

मग कुलगुरू बोलले. तेही मनापासून बोलले, मित्रांनो. कुजकट असं त्या आवाजात काही नव्हतं.

"बाई, इतकं सुंदर मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि तुम्ही आमचं काम सोपं केलंत. तुम्ही दाखवलेल्या प्रत्येक आवारात मध्यभागी काहीतरी आहे. कुठे घुमट आहे, कुठे मनोरा. लांबून बघणाऱ्यालाही कळतं की हे विद्यापीठ आहे. आपल्याकडे मध्यभागी काहीच नाही."

मावशी म्हणाल्या की त्यांना नेमकं तेच सांगायचं होतं. पण त्यांचा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मला माझा दोष कळला. पडद्यावर चित्र पडलं की माणूस इमारत बघतो. मोकळी जागा मी कितीही स्वच्छ दाखवली तरी ती मागच्या पडद्यासारखीच वाटते.

कुलगुरू भाच्याकडे वळले आणि म्हणाले की तुम्ही तर यांचेच विद्यार्थी, तुमचं मत काय. भाच्याने मावशींकडे पाहिलं. मग नकाशाकडे पाहिलं.

"आवाराला एक केंद्र हवं, असं बाईंनीच शिकवलंय," तो म्हणाला. "मी तेच करायचा प्रयत्न केलाय."

मित्रांनो, तो खोटं बोलला नाही. ते वाक्य मावशींचंच होतं. केंद्र म्हणजे इमारत असं मात्र त्या कधी म्हणाल्या नव्हत्या, आणि हे त्या खोलीत आम्हा तिघांनाच माहीत होतं. मावशी काहीतरी सांगायला पुढे झाल्या. तेवढ्यात कुलगुरूंनी त्यांचे पुन्हा एकदा आभार मानले, पुन्हा टाळ्या झाल्या, आणि कुणीतरी अदबीने त्यांच्यासाठी खुर्ची मागे ओढली. मावशी बसल्या. कुलसचिवांनी विचारलं की चौकाची ही चित्रं मोठी करून नव्या इमारतीच्या दर्शनी दालनात लावली तर चालेल का. आठवण राहील. मावशींनी मान हलवली. ती होकाराची होती की कसली, ते मला सांगता येणार नाही. कुलसचिवांनी ती होकाराची धरली.

झाडं कापायला सुरुवात झाली. उत्तरेकडची झाडं वाचवण्यासाठी भाचा खरोखरच भांडला, पण गाड्या तळघरात उतरवायचा उतार नेमका तिथूनच काढावा लागला. त्याने फोन करून मावशींना ते सांगितलं. मावशी "बरं" म्हणाल्या आणि त्याने जेवण केलं का ते विचारलं.

रविवारी तो येतच राहिला. पण आता त्या घरात वाद होत नसत. मावशी त्याच्या रक्तदाबाची चौकशी करत, त्याच्या मुलांना शाळेत काय शिकवतात ते विचारत. इमारतीचं नावसुद्धा काढत नसत. एकदा त्याला ते असह्य झालं.

"मावशी, बोल ना मला काहीतरी. शिव्या दे."

"साखर कमी झालीय का चहात?" मावशींनी विचारलं.

त्या मुद्दाम असं करत नव्हत्या. मी रोज त्यांच्याकडे पाहत होतो, म्हणून सांगतो. त्यांच्याजवळ बोलायचं जे होतं ते त्या खोलीत बोलून संपलं होतं. स्लाइड त्यांनी पुन्हा कधी काढल्या नाहीत. दमट हवेने त्या स्लाइडवर बुरशीची नक्षी चढली, आधी कोपऱ्यांत, मग टेकडीवर, मग नदीवर. इमारत पुरी होत आली तेव्हा भाच्याने विचारलं की प्रोजेक्टर दर्शनी दालनात ठेवायचा का, काचेच्या पेटीत, चित्रांच्या शेजारी. "ने," मावशी म्हणाल्या. मला वाटलं होतं की त्या क्षणभर तरी थांबतील.

उद्घाटनाला भाचा गाडी घेऊन गेला आणि मावशींना घेऊन आला. मी काचेच्या पेटीत होतो. भिंतीवर चौकाची चित्रं माणसाहून उंच करून लावली होती. गणिताचे सर आता भिंतभर बसले होते. लोक त्या चित्रांपुढे उभं राहून एकमेकांचे फोटो काढत होते. भाषणं झाली, कुलगुरूंनी मावशींचा उल्लेख केला, टाळ्या झाल्या. मग मावशी एकट्याच चालत चित्रांपाशी आल्या. नव्यानेच प्रवेश घेतलेली एक मुलगी त्या सावलीच्या वाटेपुढे उभी होती. तिने मावशींना सहज विचारलं, "आजी, हे कुठलं विद्यापीठ आहे? किती छान आहे."

मावशींनी चित्राकडे पाहिलं. खाली पाट्या लावायच्या राहून गेल्या होत्या.

"आहे एक," त्या म्हणाल्या. "लांब आहे."

मुलगी म्हणाली की मला तिथे मिळाला असता प्रवेश तर किती बरं झालं असतं. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. भाचा दोन पावलांवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं. तो बाहेर गाडी आणायला गेला.

मावशी त्यानंतर त्या इमारतीत आल्या नाहीत. त्या गेल्याचं मला दालनातल्या दोन कारकुनांच्या बोलण्यातून कळलं. ते आधी त्यांच्याबद्दल बोलले आणि मग सुट्टी मिळेल का त्याबद्दल. सुट्टी मिळाली नाही. पुढे त्या भिंतीवर मोठा चमकता पडदा लावायचं ठरलं. चित्रं उतरवली, गुंडाळली आणि मला त्यांच्यासकट तळघरात आणून ठेवलं. तिथे भिंतीतून पाणी झिरपतं. चौकाचं पाणी उतारावरून ज्या बाजूला जाई तीच ही बाजू. गुंडाळलेली चित्रं आतून चिकटली आहेत. आता ती उलगडली तर फाटतील.

मागच्या पावसाळ्यानंतर ती ओल बघायला भाचा आला होता. त्याचे केस पिकले आहेत. बरोबर एक तरुण अभियंता होता. भाच्याला मी दिसलो. तो वाकला, रुमालाने माझं भिंग पुसलं, अगदी मावशी पुसत तसं, आतून बाहेर गोल गोल. अभियंत्याने विचारलं की हा चालतो का. भाचा म्हणाला की याचा दिवा आता कुठे मिळत नाही. मग ते दोघं भिंतीवरची ओल मोजायला पुढे गेले.

मित्रांनो, माझ्यासारखे जे आपली हकीकत सांगतात ते शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपून काही उपयोग नाही, आणि जे जपायचं होतं त्याच्यावर मी बसलो आहे. तुमच्या आवारातही अशी एखादी जागा असेल. नकाशावर ती कोरी दिसत असेल. कधीतरी कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवील आणि म्हणेल की इथे तर काहीच नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी उठेल आणि छान बोलेल. लोक ऐकतील, डोळे पुसतील, टाळ्या वाजवतील, बसायला खुर्चीही देतील. त्या खुर्चीवर बसू नका. उभं राहिलात तर ती जागा वाचेल असं वचन मी देत नाही, कारण तसं झालेलं मी कधी पाहिलेलं नाही. बसल्यावर काय होतं, एवढंच मी पाहिलं आहे.